थांबायचं, पण तपासून

मुलाला घेऊन आलेल्या पालकांचं पहिलं वाक्य बहुतेक वेळा उंचीचं असतं. "वर्गात सगळ्यात लहान हाच दिसतो हो." वय पंधरा, आवाज बारीक, गाल गुळगुळीत. मुलगा मान खाली घालून बसलेला असतो. मग वडील म्हणतात, "मलाही उशिराच मिसरूड फुटलं होतं." त्यांच्या या वाक्यात पुष्कळदा अर्धं निदान असतं. धोकाही त्यातच असतो, कारण ते म्हणून झालं की पुढे कुणी काही तपासत नाही.

मुलगा वयात यायला लागला हे ओळखायचं कशावरून? मिशी, फुटलेला आवाज, झपाट्याने वाढलेली उंची या सगळ्या नंतरच्या गोष्टी. पहिली खूण म्हणजे वृषणांची वाढ, आणि ती घरात कुणाला दिसत नाही. साधारण ९ ते १४ वर्षांच्या दरम्यान ती सुरू होते. वृषणाचं आकारमान ४ मिलिलिटर झालं की समजायचं, सुरुवात झाली. चौदा वर्षं पूर्ण झाली तरी तिथवर मजल गेली नसेल, तर तपासणी करायला हवी.

हे मोजायला आमच्याकडे एक माळ असते. आंद्रेआ प्रादर या स्विस बालरोगतज्ज्ञांनी ती १९६६ साली वैद्यकाला दिली. दोऱ्यात ओवलेले लंबगोल मणी, १ मिलिलिटरपासून २५ पर्यंत चढत गेलेले, प्रत्येकावर आकडा. एका हाताने वृषण चाचपायचं, दुसऱ्या हाताने जुळणारा मणी शोधायचा. दोन मिनिटांचं काम. कितीही महागडी तपासणी केली तरी या माळेची जागा ती घेऊ शकत नाही. मुलांना मी मणी दाखवतो. उंचीचा खरा झपाटा १० मिलिलिटरच्या आसपास येतो हे सांगितलं की पुष्कळ मुलं पहिल्यांदा वर बघतात. मुलींची उंची सुरुवातीलाच वाढते, मुलांची उशिरा. मधली दोन वर्षं ज्याला काढावी लागतात, त्यालाच ती किती लांब वाटतात हे माहीत असतं.

आता कारणं. सगळ्यात जास्त मुलांमध्ये आजार नसतोच. शरीराचं घड्याळ जन्मतःच जरा मागे असतं, आणि ते बहुधा घराण्यातून आलेलं असतं. अशा मुलाच्या डाव्या हाताचा, मनगटासकट, एक्स-रे काढला की हाडांचं वय कळतं. मुलगा पंधराचा, हाडं बाराची, असं सर्रास दिसतं. पालक घाबरतात, पण ही दिलाशाची बातमी आहे. हाडांची टोकं अजून उघडी आहेत, म्हणजे वाढायला वाव शिल्लक आहे.

दुसरा गट दीर्घ आजारांचा. गव्हाची ॲलर्जी म्हणून लोक ज्याला ओळखतात तो सीलिॲक आजार, आतड्याची जुनी सूज, थायरॉइड कमी असणं, थॅलेसेमियात रक्त चढवून चढवून साठलेलं लोह, खाणं फार कमी आणि व्यायाम अफाट. इथे मूळ आजार बरा केला की बहुधा वाढ आपोआप लागते. साठलेलं लोह मात्र पिट्युटरीला, म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीला, कायमची इजा करू शकतं, म्हणून तिथे वेळ दवडायचा नाही.

उरलेली थोडी मुलं ती, ज्यांच्यासाठी मी हे सगळं बोलतोय. रक्तात एलएच आणि एफएसएच ही वृषणांना कामाला लावणारी पिट्युटरीची संप्रेरकं बघतात. ती वाढलेली आणि टेस्टोस्टेरॉन, म्हणजे वृषणात तयार होणारं पुरुषी संप्रेरक, कमी, तर बिघाड वृषणात. क्लाइनफेल्टर सिंड्रोममध्ये असं होतं. तिथे एक एक्स गुणसूत्र जास्त असतं. ही मुलं बहुधा वेळेवर वयात येतात, पण वृषणं लहान आणि घट्ट राहतात. आणि एलएच-एफएसएच दोन्ही कमी असतील तर? तर खरी पंचाईत. घड्याळ नुसतं मागे असलं तरी आकडे असेच येतात आणि मेंदूकडून संदेशच निघत नसला तरी असेच. एका रक्ततपासणीत हा गुंता सुटत नाही.

म्हणून प्रश्न विचारावे लागतात. जन्मतः वृषणं खाली उतरली होती का? लिंग फार लहान होतं का? डोकेदुखी, नजरेत फरक? आणि वास येतो का? एका आईने मला सांगितलं होतं, "दूध करपून घरभर धूर झाला तरी याला कळत नाही." मुलाला स्वतःला त्यात वावगं काही वाटत नव्हतं, कारण वास म्हणजे काय हेच त्याला ठाऊक नव्हतं. तो कालमन सिंड्रोम निघाला. वयात येण्याचा संदेश देणाऱ्या चेतापेशी गर्भात नाकाकडून मेंदूत जातात, वासाच्या तंतूंच्या वाटेने. ती वाटच नीट झाली नाही, तर दोन्ही गोष्टी अडतात. त्या मुलाला आधी दोन वर्षं "थांबा" एवढंच सांगितलं गेलं होतं. कुणीही कपडे काढून त्याला तपासलं नव्हतं. याचा मला आजही राग येतो.

उपचार सोपे आहेत. घड्याळच मागे असेल आणि मुलगा निवांत असेल, तर दर सहा महिन्यांनी उंची आणि मणी मोजत राहायचं. मुलगा खचला असेल, शाळा टाळत असेल, तर टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन, साधारण ५० मिलिग्रॅम, महिन्याला एक, तीन ते सहा महिने. इतक्या कमी मात्रेने अंतिम उंची खुंटत नाही. मग थांबून पुन्हा माळ काढायची. बाहेरच्या टेस्टोस्टेरॉनने केस येतात, आवाज बदलतो, पण वृषण वाढत नाही. ते वाढलं तरच मुलाची स्वतःची यंत्रणा जागी झाली असं म्हणायचं. वर्षभरात काहीच हललं नाही तर कायमच्या कमतरतेचा शोध घ्यायचा. ती निघाली तर मात्रा दोन-तीन वर्षांत हळूहळू प्रौढाइतकी करायची. पुढे मूल हवं असेल तेव्हा एचसीजी (एलएचसारखं काम करणारं संप्रेरक) आणि एफएसएचची इंजेक्शनं देऊन कालमनच्या अनेक रुग्णांत शुक्राणू तयार करता येतात. हे त्या मुलाला पंधराव्या वर्षीच सांगावं. जिमवाल्याकडून घेतलेली इंजेक्शनं मात्र नकोत. त्यांनी पिट्युटरी दबते आणि हाडं लवकर मिटतात.

एका ताईंनी चिठ्ठी पाठवली आहे, "मुलगा तपासू देत नाही, लाजतो." ताई, त्याला आधी एकट्याला बोलू द्या. काय बघणार, का बघणार, हे डॉक्टरांनी त्यालाच सांगावं, त्याला विचारावं, आणि खोलीत कोण थांबणार हे त्यानेच ठरवावं. पहिल्या भेटीत नाही म्हणाला तर पंधरा दिवसांनी पुन्हा या. माझ्याकडची बहुतेक मुलं दुसऱ्या भेटीत हो म्हणतात.