पानगळीचे खत

फाल्गुन लागेपर्यंत विदर्भातल्या गावांत साग आणि पळस उघडे पडू लागतात. अंगणात, धुऱ्यावर, रस्त्याच्या कडेला पाचोळा साचतो आणि सकाळची झाडझूड आटोपली की बहुतेक ठिकाणी त्या ढिगाला काडी लावली जाते. गोंदिया-गडचिरोलीकडे मोहफुले वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखालची पाने पेटवण्याची रीत आहे, आणि कधी कधी तीच आग रानात शिरते. पाचोळा जळाला की त्यातला कर्ब (कार्बन) आणि नत्र (नायट्रोजन) हवेत निघून जातो, हाती राहते ती मूठभर राख. इथल्या काळ्या, भारी जमिनीला, जी पावसात चिकटते आणि उन्हाळ्यात भेगाळते, भुसभुशीत करणारा कर्ब असा दारातच जाळला जावा, ही मोठी हानी आहे.

सागाचे पान लवकर कुजत नाही, ही तक्रार खरी आहे. ते सुपाएवढे रुंद, खरबरीत आणि जाड शिरांचे असते. अख्खीच पाने खड्ड्यात टाकली तर ती एकमेकांवर चिकटून बसतात आणि खालच्या थरापर्यंत ना पाणी पोहोचते, ना हवा. म्हणून ती आधी गोठ्यात जनावरांखाली अंथरावीत. खुरांखाली पानांचा चुरा होतो, त्यात गोमूत्र मुरते, आणि सुक्या पानांत जो नत्र फार कमी असतो, त्याची भरपाईही तिथेच होते. कुजवणाऱ्या जिवाणूंना एक भाग नत्रामागे साधारण २५ ते ३० भाग कर्ब मानवतो. सुक्या पाचोळ्यात कर्बाचे प्रमाण त्याहून पुष्कळ जास्त असते, त्यामुळे शेणाची जोड दिल्याशिवाय काम पुढे सरकत नाही.

यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे ना. दे. पांढरीपांडे, म्हणजेच नाडेप काका, यांनी रूढ केलेली पद्धत थोड्या शेणात भागते, म्हणून ती आजही उपयोगी आहे. सुमारे १० फूट लांब, ६ फूट रुंद आणि ३ फूट उंच अशा विटांच्या टाक्याच्या भिंतींत हवेसाठी छिद्रे ठेवतात. आत पाचोळा, शेणकाला (पाण्यात कालवलेले शेण) आणि चाळलेली माती यांचे थर देत टाके भरतात आणि वरून शेणमातीने लिंपतात. ओल टिकली तर तीन ते चार महिन्यांत खत तयार होते, निव्वळ सागाच्या पानांना अधिक वेळ लागतो.

टाके बांधणे परवडत नसेल तर परसबागेच्या कोपऱ्यात, कडुनिंबाच्या सावलीत, साधा ढीगही चालतो. वैशाखात प्यायच्या पाण्याचीच ओढाताण असते, तेव्हा पाने पोत्यांत भरून ठेवावीत आणि मृगाच्या सरींवर ढीग रचावा. मूठभर पाचोळा घट्ट दाबल्यावर बोटांत ओल जाणवावी, पण पाणी निथळू नये. ढीग कोरडा पडला तर त्यात उधई, म्हणजे वाळवी, शिरते. जंगलातली पाने मात्र ओरबाडून आणू नयेत, ती तिथल्याच मातीची आहेत.

दिवाळीच्या सुमारास ढीग उकरला की आतला भाग काळपट, मोकळा आणि मातीच्या वासाचा लागतो. तो चाळून वांगी, मिरची आणि सांभाराच्या (कोथिंबिरीच्या) वाफ्यांत मिसळतात. चाळणीवर राहिलेल्या शिरा आणि देठ पुढच्या ढिगाला विरजण म्हणून ठेवतात.