नॉर्वेचं नाव, रत्नागिरीचा किडा

[पहाट. मासळी बाजार, कोल्हापूर.]

आंबा घाट चढून रत्नागिरीचा टेम्पो आला, की पापलेट-सुरमईवर गिऱ्हाईक तुटून पडतं. शिणाण्यांकडे फार कोणी बघत नाही. आज आपल्याला तीच बघायची आहेत, आणि आतलं मांस नाही, वरचा शिंपला.

या शिंपल्यावर पांढऱ्या, वाकड्यातिकड्या रेघा दिसतायत? पोरानं पाटीवर खडूनं गिरगोट्या काढाव्यात तशा. मासे विकणाऱ्या मावशींना विचारलं, हे काय आहे?

"ते व्हय? चुना हाय त्यो. सुरीनं खरवडला की जातंय."

मावशींचं बरोबर आहे. चुनाच आहे तो. पण रेघ मोडून बघितली तर आतून पोकळ निघते. ती नळी आहे, आणि या नळीत कोणीतरी राहत होतं.

[क्लोज-अप: काचेच्या टाकीत जिवंत नळीकृमी.]

राहणारा असा दिसतो. नळी जेमतेम काडीएवढी जाड. तोंडाशी पिसांचा तुरा. याच तुऱ्यानं तो पाण्यातले कण धरून खातो आणि यानंच श्वासही घेतो. नुसती सावली पडली तरी तुरा झटक्यात आत! आणि आत जाताना तो दार लावून घेतो. तुऱ्यातलंच एक पीस बदलून त्याचं बूच झालेलं असतं. ते बूच लक्षात ठेवा, पुढे सगळा खटला त्याच्यावरच उभा आहे.

नात्यानं हा आपल्या गांडुळाचा आणि जळवेचा भाऊबंद, वलयी प्राण्यांपैकी. पण हे नातं लगेच कळलं नव्हतं. 1758 साली स्वीडनच्या लिनियस या निसर्गअभ्यासकानं प्राण्यांची जी यादी केली, तिथूनच प्राण्यांची शास्त्रीय नावं मोजायला सुरुवात होते. त्या यादीत त्यानं या नळीवाल्यांना 'सर्पुला' नाव दिलं आणि बसवलं शंख-शिंपल्यांच्या पंगतीत. कारण काय, तर चुन्याचं घर. घर बघून घरमालकाची जात ठरवली! पुढे नळ्या फोडून आतल्यांचं अंग तपासलं, तेव्हा कुठे पंगत बदलली.

[कॉलेजचा प्राणिशास्त्र विभाग. लाकडी कपाट.]

आता शहरातल्या एका कॉलेजात येऊ. कपाटाची किल्ली मामांकडे असते आणि मामा चहाला गेले की विज्ञान थांबतं. थांबलो. कपाट उघडलं. फॉर्मालिननं डोळे चुरचुरले. खालच्या फळीवर ही बरणी: लाकडाचा तुकडा, त्यावर नळ्यांचा गुंता. कधीकाळी मुलांची सहल रत्नागिरीला गेली होती, तेव्हा बंदरातून आणलेला. लेबल पिवळं पडलंय, पण वाचता येतं: 'हायड्रॉइडिस नॉर्वेजिका'.

नॉर्वेजिका म्हणजे नॉर्वेची. रत्नागिरीच्या कोमट पाण्यातला किडा नॉर्वेचा कसा?

हे नाव 1768 सालचं. नॉर्वेतल्या ट्रोनहाइमचे बिशप योहान एर्न्स्ट गुनेरस यांनी तिकडच्या थंड समुद्रातल्या किड्याला ते दिलं. त्यानंतर एकशेपंधरा वर्षांनी, 1883 मध्ये, ऑस्ट्रेलियात सिडनीच्या बंदरातल्या एका किड्याचं वर्णन झालं. त्याचं नाव 'युपोमॅटस एलिगन्स'. पुढच्या अनेक अभ्यासकांना हे दोन्ही किडे एकच वाटले. आणि एकाच प्राण्याला दोन नावं पडली, तर जुनं टिकतं, हा नियम. झालं! सिडनीचं नाव बाद. मग गरम देशांतल्या बंदरांत, जहाजांच्या बुडाला, जेट्टीच्या खांबांना जो किडा थरांवर थर चढवतो, तो सगळीकडे 'नॉर्वेजिका' म्हणूनच नोंदला जाऊ लागला. भारतातल्या बंदरांवरच्या जुन्या शोधनिबंधांत हेच नाव सापडतं. आपल्या बरणीनं ते तिथूनच उचललं असणार.

गुंता सोडवला नळीकृमींचे अभ्यासक हेल्मुट झिब्रोवियुस यांनी, 1971 साली. भूमध्य समुद्रातल्या प्रजाती तपासताना त्यांनी दोघांना पुन्हा वेगळं काढलं.

[सूक्ष्मदर्शकाखाली: बूच.]

हे बूच दुमजली आहे. खाली नरसाळं, त्याच्या काठाला दाते. वर काट्यांचा मुकुट. या काट्यांना आणखी बारीक काटे फुटलेत का, कुठे आणि किती, आणि गळपट्टीजवळच्या राठ केसांना दात कसे आहेत, यावरून प्रजाती ठरते. शास्त्रीय नावातला पहिला शब्द म्हणजे कूळ, दुसरा प्रजातीचा. शंभराहून जास्त प्रजातींच्या हायड्रॉइडिस कुळात ओळखपत्र म्हणजे हे बूच. विभागातल्या प्राणिशास्त्राच्या मॅडम भिंगातून डोळा न काढता म्हणाल्या, "नॉर्वेचा काय संबंध? हा एलिगन्स आहे." मग मलाही बघू दिलं. खरं सांगायचं तर मला आधी फक्त एक काटेरी फूल दिसलं. दहा मिनिटांनी काटे मोजता यायला लागले.

आता गंमत. हा 'एलिगन्स' सिडनीत पहिल्यांदा वर्णन करणारा माणूस कोण? विल्यम हॅस्वेल. बीएस्सीला झूऑलॉजी घेतलेल्यांचे कान टवकारले असतील. होय, पार्कर आणि हॅस्वेलमधले हॅस्वेल! ते जाडजूड पाठ्यपुस्तक याच कपाटात, बरणीच्या दोन फळ्या वर, पुठ्ठा सुटलेल्या अवस्थेत आहे. पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी ते पाठ केलं. खाली लेबलावर मात्र नॉर्वे.

एक उपकथा सांगायलाच हवी, कारण ती आपल्याला मराठी माणसांना फार जवळची आहे. लिंगाची. शास्त्रीय नावात विशेषणाचं लिंग कुळाच्या नावाप्रमाणे चालावं लागतं. आपण 'चांगला' आंबा, 'चांगली' कैरी म्हणतो तसं. 'ऑइडिस' शेपटाची नावं पुल्लिंगी धरावीत, असा नियम आहे, म्हणून बरेच जण 'नॉर्वेजिकस' लिहायला लागले. पण त्याच नियमाला पुढे पुस्ती आहे: मूळ लेखकानं वेगळं लिंग वापरलं असेल, तर तेच खरं. 2017 साली चार संशोधकांनी गुनेरस यांचं मूळ लेखन पुढे ठेवून दाखवून दिलं, की त्यांनी 'नॉर्वेजिका' लिहिलंय, म्हणजे हायड्रॉइडिस स्त्रीलिंगी. सगळ्या प्रजातींची यादी नव्यानं करावी लागली. 'एलिगन्स'ला फरक पडला नाही, ते दोन्ही लिंगांत सारखंच.

आपल्या बरणीला मात्र कोणी हात लावला नव्हता. बाहेर 'नॉर्वेजिकस' होऊन गेलं, परत 'नॉर्वेजिका' आलं. लेबल बसल्या जागी व्याकरणानं शुद्ध झालं. आतला किडा तेवढा दुसराच.

[टेबल. कागदाची छोटी पट्टी.]

मला वाटलं होतं, आता जुनं लेबल फाडून टाकतील. मॅडमनी हात धरला. जुनं लेबल टाकायचं नसतं. कोणी, कधी, काय समजून नाव दिलं होतं, ते राहू द्यायचं. नवी पट्टी त्याच्या शेजारी. तीही पेननं नाही, पेन्सिलीनं, कारण बरणीत शाई पसरते, शिसं टिकतं.

पेन्सिल चालू लागली. हायड्रॉइडिस एलिगन्स. मग कंस. हॅस्वेलनी कूळ युपोमॅटस लिहिलं होतं, ते पुढे बदललं. कूळ बदललं, की पहिल्या लेखकाचं नाव कंसात जातं.

(हॅस्वेल, 1883)

खाली आजची तारीख आणि नाव ठरवणाऱ्या म्हणून मॅडमची सही. पट्टी बरणीत सोडली. ती थोडी तरंगली, मग नळ्यांच्या गुंत्याला टेकून उभी राहिली. मामांनी कपाटाला कुलूप घातलं.