गल्लीत रीडेव्हलपमेंट आलंय, पण खालच्या ड्रेनेज लाइनचं काय?

नमस्कार मंडळी. कॅमेरा जरा खाली घे रे... हां, हे झाकण. कोथरूडमध्ये आमच्या गल्लीच्या तोंडाशी आहे, आणि गेल्या जुलैत आतल्या पाण्यानेच ते दोनदा उचललं, आणि तळमजल्यावरच्या काकांच्या बाथरूममध्ये सगळं जाळीतून उलटं वर आलं. गल्लीचं मत ठरलेलं, बिल्डिंगी वाढल्या, लाइन जुनी, तुंबणारच. मलाही तसंच वाटायचं. मग एकदा बसून हिशोब केला.

आमच्याकडे वीस प्लॉट. पूर्वी प्रत्येकावर बंगला, पाच माणसं. ड्रेनेजचं डिझाइन करताना माणशी रोज १३५ लिटर पाणी धरतात, त्यातलं ८० टक्के सांडपाणी होऊन येतं, म्हणजे १०८ लिटर. अख्ख्या गल्लीचं झालं १०,८०० लिटर, दिवसाला एक टँकर समजा. आता त्यातल्या एका प्लॉटवर २८ फ्लॅटची बिल्डिंग, घरटी चार जण, तर तिचं एकटीचंच १२,००० च्या वर! वीसही प्लॉट पडून उभे राहिले की २ लाख ४० हजार. सकाळी सगळे एकदम आंघोळीला जातात म्हणून लहान वस्तीला सरासरीच्या तिप्पट धरतात, तर ते येतं ताशी ३०,००० लिटर.

आणि सहा इंची पाइप, शंभराला एक उतार, आत गाळ-मुळ्या काही नाही, तर ताशी ५०,००० च्या वर नेते. म्हणजे पुरते की! मी तीनदा तपासलं, म्हटलं शून्य चुकलं असणार कुठेतरी.

मग जुलैतच का तुंबलं? वर बघा, गच्चीकडे. ५०० चौरस मीटर गच्ची, तासात ५० मिलिमीटर पाऊस, पाणी होतं २५,००० लिटर. एका गच्चीचं! वीस बिल्डिंगींच्या सकाळच्या गर्दीच्या जवळपास. हे पावसाळी लाइनमध्ये जायला हवं, पण ती लाइन लांब असते, ड्रेनेजचं चेंबर दारातच असतं, प्लंबर तिथेच जोडून मोकळा. अशा दोन गच्च्या असल्या की खेळ खल्लास.

अर्थात गल्ली वाचली म्हणून शहर वाचत नाही हां. अशा पन्नास गल्ल्या खाली नाल्याकडेच्या ट्रंक लाइनला, म्हणजे मुख्य मोठ्या पाइपला मिळतात आणि खरी ओढाताण तिथे आहे. २०२० ला राज्याची जी नवी बांधकाम नियमावली आली, यूडीसीपीआर, त्यात किती एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या मानाने किती बांधकाम, वापरता येईल हे समोरचा रस्ता किती रुंद आहे त्यावर ठरतं. रस्ता! त्याखालची पाइप किती जाड हे त्या तक्त्यात कुठेच नाही. मंजुरी एकेका प्लॉटची, पाणी मात्र सगळ्यांचं एकाच ठिकाणी.

कोणीतरी म्हणेल, मग आधीच मोठी टाकून ठेवा ना. व्यास दुप्पट केला की पाइप सहापट पाणी नेते, खरंय, पण मोठ्या पाइपमध्ये थोडंसंच पाणी असलं तर ते रेंगाळतं, सेकंदाला साधारण ०.६ मीटर वेग नसला की गाळ बसतो, आणि मग जोरात पाणी मारून लाइन साफ करणारी जेटिंगची गाडी दर महिन्याला दारात. म्हणून कुठे किती माणसं येणार हे आधी ठरवावं लागतं, तीस वर्षं पुढचं.

पुणे महापालिकेत समाविष्ट झालेल्या गावांत तर सगळं उलटंच झालं, २०१७ ला अकरा गावं आली, २०२१ ला तेवीस, आणि टॉवर आधीच उभे होते, लाइन नंतर. जायका या जपानी संस्थेच्या कर्जातून शहरात अकरा नवे एसटीपी, म्हणजे मैलापाणी शुद्ध करणारे प्लांट, ३९६ एमएलडीचे (दिवसाला ३९६ दशलक्ष लिटर), ठरले ते छानच आहे, पण प्लांटपर्यंत मैलापाणी पोचवणारी पाइपच नसेल तर ते ओढ्यातूनच नदीत जाणार ना.

बरं, तुमच्या सोसायटीचं तपासायचं असेल तर सोपं आहे. बादलीभर पाण्यात मूठभर हळद कालवा, गच्चीतल्या पन्हाळीत ओता, आणि खाली प्लंबरकडून ड्रेनेजच्या चेंबरचं झाकण उघडून घ्या. बाहेरूनच बघायचं, आत कोणीही उतरायचं नाही, काही झालं तरी. पिवळं पाणी आलं तर कमेंटमध्ये फक्त एरिया लिहा. आमच्याकडे आलं होतं.