छंदाच्या वाटेवरची सोबत

श्रोतेहो, नमस्कार. छंद एकट्यानेच जोपासायचा असतो, अशी पुष्कळांची समजूत असते. त्यामुळे कोणाची मदत घ्यावी लागली की छंद तेवढा आपला राहिला नाही, असे वाटू लागते. मला ही समजूत मुळीच पटत नाही, आणि का पटत नाही ते सांगण्यासाठी आकाशनिरीक्षणाच्या इतिहासातील माझी अत्यंत आवडती हकीकत आज निवडली आहे.

अठराव्या शतकात इंग्लंडमधील बाथ या शहरात विल्यम हर्शेल नावाचे गृहस्थ चर्चमध्ये ऑर्गन वाजवीत आणि संगीताच्या शिकवण्या करीत. पोटापाण्याला संगीत आणि छंद आकाशाचा. दुर्बिणींच्या किमती आवाक्याबाहेरच्या असल्याने ते धातूचे आरसे घरीच घासून चकचकीत करीत. एकदा पॉलिश मध्येच सोडायचे नाही म्हणून ते सलग 16 तास आरशावरून हात न काढता बसले, आणि धाकटी बहीण कॅरोलिन त्यांना एकेक घास भरवीत राहिली. घरातील एकाचा छंद चालतो तेव्हा त्याच्या जेवणाखाणाची काळजी दुसरे कोणीतरी वाहत असते. ही मदत आपण मदत म्हणून मोजतच नाही. माझ्या मते सर्वांत आधी तीच मोजली पाहिजे.

आता ती हकीकत. 1779 चा डिसेंबर संपत आला होता. हर्शेल त्या काळात चंद्रावरील पर्वतांची उंची मोजत होते. त्या रात्री चंद्र घराच्या पुढच्या बाजूला होता, म्हणून त्यांनी आपली सात फुटी दुर्बीण सरळ रस्त्यावर आणून मांडली. ते पाहण्यात गढून गेले असता एक अनोळखी गृहस्थ तेथून जाताना थबकले. हर्शेल यांनी डोळा बाजूला घेताच त्यांनी अदबीने विचारले, "मी पाहू का?" हर्शेल यांनी जागा करून दिली. चंद्र पाहून ते गृहस्थ अतिशय संतुष्ट झाले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आभार मानायला मुद्दाम घरी आले. ते होते रॉयल सोसायटी या लंडनमधील नामांकित विज्ञानसंस्थेचे सदस्य डॉ. विल्यम वॉटसन. बाथमध्ये नुकत्याच आकाराला येत असलेल्या विद्वत्सभेत या, असे निमंत्रण त्यांनी दिले. खगोलशास्त्राचे कोणतेही रीतसर शिक्षण न झालेल्या, चाळिशी ओलांडलेल्या या संगीतशिक्षकाने आढेवेढे न घेता लगेच होकार दिला. श्रोतेहो, त्या गृहस्थांना दुर्बिणीतून पाहू देणे आणि त्यांनी पुढे केलेला हात धरणे, या दोन्ही गोष्टी हर्शेल यांनी सहजपणे केल्या.

पुढे 13 मार्च 1781 च्या रात्री त्यांना एक वेगळाच ज्योतिर्बिंदू दिसला. त्यांना तो धूमकेतू वाटला. त्याविषयीचा त्यांचा निबंध वॉटसन यांच्यामार्फतच रॉयल सोसायटीपुढे गेला, आणि त्याची कक्षा गणिताने काढून तो ग्रह असल्याचे दाखवले ते लेक्सेल आदी गणितज्ञांनी. तोच युरेनस. पुन्हा सांगतो: पाहिला एकाने, विद्वानांपुढे नेला दुसऱ्याने आणि गणित केले आणखी कोणी, तरीही शोध हर्शेल यांचाच राहिला.

नंतरच्या वर्षांत ते दुर्बिणीपाशी उभे राहून निरीक्षणे सांगत आणि कॅरोलिन ती लिहून घेत, कारण दिव्याकडे पाहिले की अंधाराला सरावलेला डोळा बिघडतो. याच कॅरोलिन यांनी पुढे स्वतः आठ धूमकेतू शोधले.

आपल्याकडे पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था 1944 पासून हौशी निरीक्षकांना एकत्र आणत आहे. तुमच्यापैकी कोणी दुर्बिणीसाठी काचेचा आरसा घासत असेल, तर पॉलिशला बसण्यापूर्वीच तो एखाद्या जाणकाराला दाखवावा. आरसा घासायला वापरलेल्या जाड, खरखरीत पुडीने पडलेले बारीक खड्डे पॉलिशने जात नाहीत, आणि रोज तोच आरसा पाहणाऱ्या आपल्या डोळ्यांतून ते नेमके निसटतात. वेळीच दाखवला तर थोडे अधिक घासून भागते. उशिरा दाखवला तर सारे पॉलिश वाया जाऊन पुन्हा पुडीकडे वळावे लागते.