गुण्याला कोण तपासतं?

नमस्कार. आजच्या विषयाचं नाव 'घरच्या गॅरेजमध्ये अचूक हत्यारं' असं आहे आणि मोजमापाची महागडी साधनं नसताना खरोखर सपाट पाटा, म्हणजे इतर वस्तूंचा सपाटपणा ज्याच्यावर ठेवून तपासतात तो ठोकळा, कसा तयार करायचा, हे मी सांगेन असा शब्द दिलाय. तो पाळणार आहे. पण आधी एका गुण्याची, म्हणजे काटकोन तपासायच्या हत्याराची, गोष्ट ऐका, कारण तिच्यातूनच मी त्या पाट्यापर्यंत पोचलो.

तुमच्यापैकी बहुतेकांकडे शेगडा, म्हणजे काम घट्ट धरणारी पकड आहे, ग्राइंडर आहे, एखादं जुनं ड्रिल आहे. म्हणून कानस कशी धरायची इथपासून सुरुवात करत नाही. एकच विचारतो, हात वर करा. गुण्या विकत आणल्यावर वापरण्याआधी तो स्वतः गुण्यात, म्हणजे नेमक्या काटकोनात, आहे का, हे किती जणांनी तपासलं? ...तीन. मागचा तो अर्धा वर झालेला हातही धरू, साडेतीन.

मीही तपासला नव्हता. तेव्हा मला ड्रिलखाली पक्की बसेल अशी एक चौकट करायची होती. 50 मिलिमीटर रुंदीच्या चार लोखंडी पट्ट्या, प्रत्येकीचं एक टोक पुढच्या पट्टीच्या अंगाला टेकवायचं आणि मग वेल्ड करायचं. टोकं हॅक्सॉने कापली, कानशीने घासली, दर दहा-बारा हातांनंतर गुण्या लावून उजेडासमोर धरली. प्रत्येक टोक सुटं पाहिलं तर निर्दोष. चारही जुळवली की तीन कोपरे मिटायचे आणि चौथ्यात अर्ध्या मिलिमीटरची पाचरीसारखी फट. ते चौथं टोक घासून फट मिटवली तर चौकटीचे कर्ण जुळेनात. पुन्हा नव्या पट्ट्या, पुन्हा तेच.

तीन आठवडे माझा असा समज होता की माझा हात डोलतोय. कानस चालवताना मनगट वर-खाली होतं आणि टोक गोलसर होतं, हा दोष सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून मी पाय किती अंतरावर ठेवायचे, कोपर शेगड्याच्या उंचीला येतं का, हे सगळं नव्याने बसवलं. शेगड्याखाली फळी घातली. रोज संध्याकाळी तासभर नुसतं घासकाम. गुण्यावर शंका घ्यायचं डोक्यातच आलं नाही, कारण तो विकतचा होता, त्याच्यावर छाप होता आणि सोबत तपासणीची चिठ्ठीही होती. ज्यांनी तो बनवला त्यांचं नाव घेत नाही. पण ती चिठ्ठी देताना कुणी तो गुण्या एकदा उलटा करून पाहिला असता, तर माझे तीन आठवडे वाचले असते. याचा राग मला अजून आहे.

कारण उलटा करून पाहणं एवढंच पुरे असतं. एक सरळ कड घ्या. गुण्याची जाड दांडी तिला टेकवा आणि पात्याच्या बाजूने रेघ मारा. मग गुण्या पालथा करा, दांडी त्याच कडेला, पातं त्याच बिंदूपाशी, आणि दुसरी रेघ मारा. गुण्या खरा असेल तर रेघ एकच दिसते. माझ्या दोन रेघा पायथ्याशी एकत्र होत्या आणि 150 मिलिमीटरवर त्यांच्यात 0.8 मिलिमीटरचं अंतर पडलं होतं. या तपासणीत चूक दुप्पट होऊन समोर येते, म्हणजे खरी चूक 0.4. कोनाच्या भाषेत अंशाचा सातवा हिस्सा. चार कोपऱ्यांची मिळून ती चौपट झाली आणि सगळी त्या चौथ्या फटीत येऊन बसली. माझा हात ठीक होता.

(सभागृहातून प्रश्न: "आणि ती कड सरळ नसेल तर?")

अगदी बरोबर. मलाही त्या रात्री हेच सुचलं. तर कडही तशीच तपासायची. पट्टी कागदावर ठेवून रेघ मारायची, मग पट्टी त्याच बिंदूंवर पालथी करून त्याच कडेने दुसरी. दोन रेघांमध्ये डोळ्यासारखा आकार दिसला तर पट्टी वाकडी आहे, आणि इथेही चूक दुप्पट दिसते. हे करताना माझ्या लक्षात आलं की या दोन्ही तपासण्यांत मी दुसरं कुठलंही 'खरं' हत्यार वापरलेलं नाही. वस्तू स्वतःच स्वतःची साक्ष देते. आजच्या माझ्या बोलण्याचा गाभा हाच आहे.

जरा विषयांतर करतो. घरी बनवलेल्या हत्याराला लोक 'जुगाड' म्हणतात, त्याचं मला वाईट वाटतं. त्या शब्दात 'तात्पुरतं, चालून जाईल' असा सूर असतो. बिघडलेल्या वस्तूला तारेने बांधणं वेगळं आणि झिजलेल्या कानशीतून स्क्रेपर घडवणं वेगळं. कानशीचं पोलाद साधारण सव्वा टक्का कार्बनचं, आधीच पाणी दिलेलं, म्हणजे लाल तापवून बुडवलेलं, म्हणून कडक. तिच्या टोकाकडचे दाते ग्राइंडरवर उडवायचे, टोक किंचित कमानदार करायचं, तेलदगडावर धार लावायची. एवढ्यावर बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, पातळ थर खरवडणारं उत्तम हत्यार तयार होतं. अट एकच, घासताना ते तापू द्यायचं नाही, सारखं पाण्यात बुडवायचं. टोकावर वाळलेल्या गवतासारखा फिकट पिवळा रंग आला की पोलाद 230 अंश सेल्सिअसच्या आसपास पोचलंय, तिथेच थांबायचं. निळा आला तर 300 अंश, म्हणजे धार मऊ पडली. तेवढा भाग घासून टाकून पुन्हा सुरुवात.

नव्याने पाणी द्यायचं असेल तर साध्या कार्बन पोलादासाठी लोहचुंबक जवळ ठेवा. 770 अंशांच्या सुमारास पोलादाला चुंबक चिकटेनासा होतो. त्याहून थोडं वर नेऊन बुडवायचं, आणि मग हलकं तापवून रंग पाहत कडकपणा उतरवायचा. हे शेवटचं उतरवणं कुणीही टाळू नका. आणि कानशीची छिन्नी किंवा पंच करून तिच्यावर तशीच हातोडी मारू नका. न उतरवलेलं पोलाद काचेसारखं फुटतं आणि कपच्या डोळ्यांकडे येतात. तसंच ग्राइंडरची चाकं, त्यांची झाकणं आणि चष्मा, या तीन गोष्टींत घरची कल्पकता नको. तिथे विकतचंच घ्या, चाकावर लिहिलेल्या फेऱ्यांची मर्यादा यंत्राच्या फेऱ्यांपेक्षा कमी नाही ना ते पाहा. ड्रिलवर हातमोजे घालून काम करणारे इथे असतील तर त्यांनी आजपासून ते थांबवावं. मोजा फिरत्या बिटात अडकला की हात सोडवायला वेळ मिळत नाही.

मला सात मिनिटं उरल्याची चिठ्ठी आली आहे. तर आता पाटा, भराभर.

गुण्या उलटा करता येतो, पट्टी पालथी करता येते, पण पाट्याचं काय? तो दुसऱ्या पाट्यावर घासून जुळवला तर दोन्ही सपाट झाले असं वाटतं. तसं असेलच असं नाही. एक घुमटासारखा आणि दुसरा वाटीसारखा असला तरी ते एकमेकांत छान बसतात. खरं तर काचेवर काच ओल्या कार्बोरंडमने, म्हणजे घासायच्या कडक पुडीने, घासत राहिलात तर वरची खोलगट आणि खालची फुगीर होत जाते. दुर्बिणीचे आरसे घरी घासणारे याच गोष्टीचा उपयोग करतात. आपल्याला तीच टाळायची आहे.

म्हणून पाटे तीन घ्यायचे. क, ख, ग म्हणू. क फुगीर आहे असं धरा. त्याला जुळवलेला ख खोलगट होणार, क लाच जुळवलेला ग सुद्धा खोलगट. आता ख आणि ग समोरासमोर आणा. दोन्ही खोलगट, फक्त कडांना टेकतात, चोरी पकडली गेली. दोघांच्या कडा सारख्या उतरवायच्या, मग पुन्हा क कडे. तिघांतल्या कुठल्याही दोघांनी एकमेकांशी जुळायचं तर तिघांनाही सपाट व्हावंच लागतं. इंग्रज अभियंते जोसेफ व्हिटवर्थ यांनी 1840 मध्ये ग्लासगोला भरलेल्या ब्रिटिश असोसिएशन या विज्ञानसंस्थेच्या सभेत खऱ्या सपाट पृष्ठभागांवर निबंध वाचला. तरुणपणी ते यंत्रं बनवणारे हेन्री मॉडस्ली यांच्या कारखान्यात होते. व्हिटवर्थ यांचा आग्रह असा की पाटे नुसते एकमेकांवर घासू नका, निळा रंग लावून उंचवटे शोधा आणि तेवढेच खरवडा. म्हणून मघाशी त्या स्क्रेपरवर एवढा वेळ घेतला.

बिडाच्या पाट्यावर रंगाचा अगदी पातळ थर लावायचा, दुसरा त्यावर हलकेच फिरवायचा, निळे ठिपके पडतील तिथेच खरवडायचं. 25 मिलिमीटरच्या चौकोनात सारखे पसरलेले वीसेक ठिपके आले की घरच्या कामाला तो पाटा भरपूर आहे. एक खोच मात्र लक्षात ठेवा, जुळवताना वरचा पाटा अधूनमधून 90 अंशांत फिरवा. नाहीतर पीळ, म्हणजे समोरासमोरचे कोपरे वर-खाली राहण्याचा दोष, राहतो, आणि पीळ असलेले तीन पाटेही एकमेकांशी जुळू शकतात. पाटा तीन टेकूंवर ठेवा, चारांवर ठेवलात तर टेबलाचा वाकडेपणा त्यात उतरतो. तळहात टेकवून लगेच तपासू नका. 300 मिलिमीटर पोलाद दहा अंशांनी तापलं की 0.035 मिलिमीटर वाढतं, बीडही थोड्याफार फरकाने तसंच. एकाच बाजूने ऊब लागली की पाटा कमान धरतो.

बीड मिळालं नाही तर जाड काचेचे तीन तुकडे घ्या. आधी भरड, मग 220, मग 400 नंबरची कार्बोरंडम पूड (नंबर मोठा तशी पूड बारीक) आणि पाणी. क वर ख, ख वर ग, ग वर क, मग हेच उलट क्रमाने, म्हणजे प्रत्येक काच तितकाच वेळ वर आणि तितकाच वेळ खाली राहते. नंबर बदलताना सगळं धुवा, भरड पुडीचा एक कण पुढच्या फेरीत गेला तरी चरा पडतो. कडा आधी थोड्या घासून बोथट करा. पूड कोरडी वापरू नका, ती श्वासात जाते.

वेळ संपली. माझ्या तीन काचा त्या टेबलावर आहेत, शेजारी पाण्याचं भांडं आहे. दोन काचा ओल्या करून एकमेकींवर ठेवा, मग वरची सरळ उचलायचा प्रयत्न करा. खालची तिच्याबरोबर वर येईल, म्हणून दुसरा हात खाली धरा आणि सुटी करताना बाजूला सरकवा. आणि घरून गुण्या आणला असेल तर तोही घेऊन या, टेबलाची उजवी कड मी सकाळीच तपासून ठेवली आहे.