टोपरे, रुमाल, झालर

(दृश्य: दुपारचा सोपा. चटईवर पसरलेली रिळे. आवाज फक्त पंख्याचा.)

सांगलीच्या गावभागातील एका जुन्या घराच्या सोप्यावर आठवड्यातून तीन दुपारी क्रोशाचे विणकाम शिकवले जाते. शिकवणाऱ्या बाईंना येथे सगळ्याच काकू म्हणतात. माहितीपटात आपला चेहरा फारसा दिसू नये, अशी त्यांची एकच अट होती. ‘बघायचंच असेल तर हात बघा,’ असे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितले, आणि पुढचे चार दिवस आमचा कॅमेरा बहुतेक वेळ त्यांच्या मनगटाखालीच राहिला.

(दृश्य: सुईचे टोक, अगदी जवळून.)

काकूंच्या उजव्या हातात आहे ती पोलादी सुई. तिला सुई म्हणायचे एवढेच. तिला नेढे नाही आणि तिचे टोकही बोचरे नाही. टोकाशी एक लहानशी चोच आहे, चोचीमागे बारीक गळा आहे आणि मध्यावर अंगठा टेकण्यासाठी चपटी केलेली जागा आहे, जिच्यावर सुईचे माप कोरलेले असते. या सुईवर १.२५ असे लिहिले आहे, म्हणजे तिची जाडी सव्वा मिलिमीटर. फ्रेंच भाषेत क्रोशे या शब्दाचा अर्थच मुळी लहान आकडी असा होतो. रिळावर २० हा आकडा आहे, आणि या आकड्याचा हिशेब उलटा चालतो: तो जितका मोठा, तितका दोरा बारीक. दुकानात जाऊन ‘जाड दोरा द्या’ म्हणत ४० नंबरचे रीळ घेऊन आलेली एकजण याच वर्गात आहे. तिने तक्रार न करता त्याच दोऱ्यावर बाळाचे टोपरे विणायला घेतले असून ते अजून चालू आहे.

नवखीचे सगळे लक्ष सुईच्या हाताकडे असते. काम मात्र डाव्या हाताचे असते. दोरा करंगळीला एक वेढा घेऊन मधल्या बोटांखालून येतो आणि तर्जनीवरून सुईकडे जातो. या वाटेवर त्याला जेवढा अडथळा होईल तेवढा टाका घट्ट. काकू कोणालाही टाका शिकवण्याआधी अर्धा तास नुसता दोरा हातातून सोडायला लावतात. ‘अगं, ओढू नकोस एवढं, त्याला वाहू दे,’ हे वाक्य आमच्या ध्वनिमुद्रणात इतक्या वेळा आले आहे की संकलनात ते बहुतेक ठिकाणी काढून टाकावे लागले.

(दृश्य: साखळी वाढत जाते.)

सुरुवात सरकगाठीने होते. तिच्या फासातून सुई घालायची, दोऱ्याचा वेढा चोचीत धरायचा आणि तो फासातून ओढून काढायचा. जुना फास खाली जातो, नवा सुईवर येतो आणि एक साखळी होते. पहिल्या दिवशी याखेरीज दुसरे काहीही शिकवले जात नाही. शंभर साखळ्या घालायच्या, काकूंना दाखवायच्या आणि दोऱ्याचे टोक ओढून सगळ्या उसवायच्या. दुसऱ्या दिवशी मुका खांब येतो: टाक्यात सुई घालून दोरा वर आणला की सुईवर दोन फास होतात, आणि पुढचा वेढा त्या दोन्हींतून एकदम काढायचा असतो. खांब घालताना आधी सुईवर एक वेढा घेतात, त्यामुळे दोरा वर आणल्यावर फास तीन होतात. त्यातले दोन काढायचे, मग उरलेले दोन. तेच तीन फास एका दमात काढले तर अर्धा खांब. बाकी जे काही आहे, मग ते शिंपले असोत, जाळी असो, वा टेबलक्लॉथवरचे अननस, ते मुख्यतः या चारांच्या मांडणीतून होते. ओळ संपवून काम उलटवताना मुक्या खांबासाठी एक, अर्ध्या खांबासाठी दोन आणि खांबासाठी तीन साखळ्या घालून उंची गाठावी लागते. ज्या या साखळ्या विसरतात, त्यांच्या रुमालाच्या कडा आत ओढल्या जातात.

ही जी मुलगी काकूंच्या शेजारी न बसता समोर बसली आहे, ती डावखुरी आहे. ती लहान असताना शाळेतील शिवणाच्या तासाला तिला उजव्या हाताने विणायला लावले गेले, आणि तिने विणकामच सोडले. येथे काकूंनी काही समजावून न सांगता तिला समोर बसवले. आरशात बघावे तसे ती बघते. काकूंचा उजवा हात हलला की तिचा डावा हलतो.

(दृश्य: चार साखळ्यांचे कडे, त्यातून पहिला फेर. कॅमेरा वरून.)

गोल रुमाल हा या वर्गातील खरा धडा आहे, आणि आम्हीही त्याच्यावर सर्वांत जास्त वेळ काढला. कड्यात सहा मुके खांब घालायचे. पुढच्या फेरात प्रत्येक टाक्यात दोन, म्हणजे बारा. त्याच्या पुढच्या फेरात एकाआड एक टाक्यात दोन, म्हणजे अठरा. मग चोवीस, तीस, छत्तीस. प्रत्येक फेरात सहाच वाढवायचे, पाच नाहीत आणि सातही नाहीत. हा सहाचा आकडा कोठून आला, असे आम्ही विचारले तेव्हा काकू म्हणाल्या, ‘माझ्या सासूबाई सहाच घालायच्या.’ त्यांच्या सासूबाईंनी वर्तुळाचे गणित केले नसेल, पण ते त्यांच्या बोटांत होते. मुका खांब जेवढा रुंद, जवळपास तेवढाच उंच असतो. एक फेर पूर्ण झाला की वर्तुळाची त्रिज्या एका टाक्याने वाढते, आणि त्रिज्या एकाने वाढली की परीघ सहाहून थोडा अधिक वाढतो. तो थोडा अधिक भाग हाताच्या सैलपणात जिरून जातो. खांब मुक्या खांबाच्या सुमारे दुप्पट उंच, म्हणून खांबांच्या रुमालाला पहिल्या फेरात बारा लागतात आणि पुढेही दर फेराला बाराच वाढवावे लागतात.

आता चटईवर शेजारी शेजारी ठेवलेले हे तीन नमुने पाहा. दोरा एकच, सुई एकच, टाकाही एकच. पहिल्यात ठराविक फेरांनंतर वाढ थांबवली. परीघ तेवढाच राहिला, पण विणकाम पुढे जातच राहिले, त्यामुळे कडा खाली वळल्या आणि टोपरे झाले. दुसऱ्यात वाढ नेमाने होत गेली आणि रुमाल सपाट बसला. तिसऱ्यात वाढ हवी त्याहून जास्त केली. एवढ्या परिघाला सपाट राहायला जागाच उरली नाही, तो वर-खाली होऊ लागला आणि झालर तयार झाली. बाळाचे टोपरे, ताटावरचा रुमाल आणि कुंचीची झालर या तीन वेगळ्या विद्या आहेत असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात तिन्हींत फरक आहे तो केवळ वाढीच्या मोजणीचा. झालरीसारख्या कडेकडे वाढत जाणाऱ्या ज्या वक्र पृष्ठांना गणितात अपास्तीय (हायपरबोलिक) म्हणतात, त्यांचे हाताळता येईल असे टिकाऊ प्रतिरूप १९९७ मध्ये अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठातील डायना टायमिन्या या गणितज्ञ बाईंनी क्रोशानेच विणले होते. त्या विणकामाची चित्रे पाहून काकू म्हणाल्या, ‘ही तर झालर आहे.’

(दृश्य: निवृत्त शिक्षिका, वाटीसारखा झालेला रुमाल हातात घेऊन हसत आहेत.)

या बाई निवृत्त शिक्षिका आहेत आणि कोणतीही गोष्ट पुस्तकाबरहुकूम करण्याचा त्यांचा स्वभाव आहे. त्यांच्याकडे एक जुने ब्रिटिश पद्धतीचे पुस्तक होते आणि त्यातील टाके त्यांनी मोबाइलवरच्या एका अमेरिकन व्हिडिओवरून शिकून घेतले. पुस्तकात डबल क्रोशे लिहिले होते, व्हिडिओतही डबल क्रोशेच होते, आणि तरीही पेल्याखाली ठेवायच्या रुमालाची वाटी झाली. कारण ब्रिटिश पुस्तकात डबल क्रोशे म्हणजे आपला मुका खांब, तर अमेरिकेत त्याच शब्दाचा अर्थ खांब. त्यांनी खांब घातले, पण वाढ मुक्या खांबाची, सहाची, ठेवली. परीघ कमी पडला आणि कडा उभ्या राहिल्या. ती वाटी त्यांनी उसवलेली नाही. तिच्यात आता त्यांच्या टाचण्या असतात.

शब्दांचा हा घोळ टाळायचा, तर खुणांचा तक्ता बरा. जपानी विणकामाच्या पुस्तकांत असतात तशा या खुणा आहेत: साखळीसाठी लांबट गोल, मुक्या खांबासाठी फुली, अर्ध्या खांबासाठी डोक्यावर आडवी रेघ असलेली उभी रेघ, आणि त्याच उभ्या रेघेला मध्ये एक तिरका छेद दिला की खांब. या तक्त्याला भाषा लागत नाही. वर्गातील ज्यांना इंग्रजी वाचता येत नाही, त्या हा तक्ता शिक्षिकाबाईंपेक्षा आधी वाचायला लागल्या, आणि ते त्यांनी शिक्षिकाबाईंना ऐकवलेही.

(दृश्य: आलेख कागद. पेन्सिलीने काळे केलेले चौकोन. शेजारी अर्धे झालेले तोरण.)

दारावरचे तोरण मात्र साध्या आलेख कागदावरून विणले जाते. एक खांब, दोन साखळ्या, पुन्हा खांब, असा एक मोकळा चौकोन होतो. साखळ्यांच्या जागी दोन खांब घातले की तोच चौकोन भरतो. शेजारच्या चौकोनांत मधला खांब सामाईक असतो, म्हणून वीस भरलेल्या चौकोनांच्या पट्टीला साठ नव्हे, तर एकसष्ट खांब लागतात. हा शेवटचा एक खांब विसरल्याने किती तोरणे तिरकी झाली असतील, देव जाणे. या कागदावर ‘सुस्वागतम्’ आहे. देवनागरी अक्षरे या जाळीत चांगली बसतात. शिरोरेषा म्हणजे भरलेल्या चौकोनांची एक सरळ ओळ, ती कोणालाही जमते. अडचण होते ती ‘ग’च्या गोलाईची आणि ‘स्व’च्या जोडाची, कारण चौकोनांतून गोलाई काढायची तर पायऱ्याच काढाव्या लागतात. शिवाय प्रत्येकीच्या हाताचा चौकोन वेगळा. कोणाचा उभट, कोणाचा आडवा. एकाच कागदावरून विणलेले हे दोन मोर पाहा, एक ताठ मानेचा आहे आणि दुसरा जेवून बसल्यासारखा.

रुखवतात मांडलेली क्रोशाची महिरप आपण सर्वांनी पाहिली आहे. ती कशी उभी राहते, हे मात्र येथे पाहायला मिळाले. साबुदाणा पाण्यात शिजवून गाळलेली ही पातळ खळ आहे. विणलेली महिरप तिच्यात बुडवून, न पिळता, दाबून पाणी काढायचे. मग पाटावर पसरून प्रत्येक टोक टाचणीने ओढून बसवायचे आणि पंख्याखाली वाळू द्यायचे. टाचण्या काढल्या की ओलेपणी चुरगळलेली दिसणारी जाळी ताठ आणि टोकदार झालेली असते. पूर्वी टोपल्या आणि हंस कडक करण्यासाठी साखरेचा पाकही वापरत. मुंग्यांची आठवण निघाली तेव्हा सोप्यावर बराच वेळ हशा चालला होता.

सुताची ही कला आपल्याकडे एकोणिसाव्या शतकात युरोपीय मिशनरी बायकांबरोबर आणि कॉन्व्हेंटांच्या शाळांतून आली. त्याच शतकात, १८४५ नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळात, आयर्लंडमधील बायकांनी क्रोशाची लेस विकून घरे चालवली होती. आंध्र प्रदेशात गोदावरीकाठच्या नरसापूरमध्ये हजारो बायका आजही घरबसल्या हेच काम करतात, आणि तेथील लेसला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

(दृश्य: पुन्हा सुईचे टोक. या वेळी हळू गतीत.)

येथे थोडे थांबून या टाक्याकडे पुन्हा पाहावे. यंत्रावर स्वेटर विणला जातो, कारण तेथे एका ओळीतील सगळी घरे (फास) शेकडो सुयांवर एकदम धरून ठेवता येतात. क्रोशात सुईवर बहुधा एकच जिवंत फास असतो, आणि पुढचा टाका विणलेल्या भागात कोठेही, कोणत्याही कोनातून शिरू शकतो. ती जागा बोट शोधते. असा टाका घालणारे यंत्र बाजारात आलेले नाही. ज्यांना क्रोशा यंत्रे म्हणतात, ती वेगळ्याच पद्धतीची गुंफण करतात, जी केवळ लांबून क्रोशासारखी दिसते. याचा अर्थ असा, की दुकानात टांगलेला खऱ्या क्रोशाचा कुर्ता असो, पिशवी असो, की की-चेनला अडकवलेले अस्वल असो, त्यातला प्रत्येक टाका कोणाच्या तरी हाताने घातलेला असतो. या वर्गातील दोघींना आता तोरणांची मागणी येते. तोरणाचा भाव मात्र अजून रिळांवरून ठरतो, तासांवरून ठरत नाही.

(दृश्य: संध्याकाळ. कॉलेजची मुलगी, खांबांचा गोल रुमाल, चौथा फेर.)

चौथ्या फेराला अठ्ठेचाळीस खांब हवेत. तिने दोनदा मोजले, पंचेचाळीसच भरतात. काकूंनी रुमाल हातात घेतला, बोटाने कडेवरून एक फेरी मारली आणि तीन जागा दाखवल्या, जेथे वाढ राहून गेली होती. मग रुमाल तिच्याकडे परत दिला. तिने सुई काढून घेतली आणि दोरा ओढला. सुईवर एकच फास असतो, त्यामुळे उसवताना काही सांभाळावे लागत नाही. टाके ज्या क्रमाने आले, त्याच्या उलट क्रमाने एकेक करून निघून जातात. सुटलेला दोरा नागमोडी झालेला असतो. तो तिने तर्जनीवरून पुन्हा घेतला, तीन साखळ्या चढवल्या आणि मोजायला सुरुवात केली.

(मुलीचा आवाज, हळू: ‘एक, दोन, वाढ. एक, दोन, वाढ.’)