बाटली पहाटे भरायची

(दृश्य: खाटपेवाडीची टेकडी, पावसाळी ओहोळ)

पुण्याच्या पश्चिमेला भुकूमजवळ खाटपेवाडी. रामनदी इथली. भूगावचा मानस तलाव, बावधन, पाषाण तलाव, सोमेश्वरवाडी, बाणेर अशी वळणं घेत ती औंधजवळ मुळेला मिळते. जेमतेम १८-१९ किलोमीटरचा प्रवास.

उन्हाळ्यात वरचे झरे आटतात. खाली शहरात पात्र मात्र वाहतंच असतं. ते पाणी कुठलं, हे पुलावर उभं राहिलं की नाकच सांगतं. पण नाकाला कळते ती नुसती घाण. किती, कुठून आणि कधीपासून, त्यासाठी पाण्यात उतरावं लागतं.

(दृश्य: काचेची बाटली, जवळून)

पहिली चाचणी विरघळलेल्या प्राणवायूची. ३०० मिलिलिटरची ही बाटली पाण्याखाली धरूनच भरायची. आत एकही बुडबुडा राहता कामा नये. मग त्यात मँगनीज सल्फेट आणि अल्कली आयोडाइड. बघा, साका धरतोय. तपकिरी झाला, म्हणजे पाण्यात प्राणवायू आहे. पांढराच राहिला, तर नाही. लायोश विंकलर या हंगेरियन रसायनशास्त्रज्ञाची ही पद्धत, १८८८ सालची. आता मीटर आले, काम झटपट होतं. पण डोळ्यांदेखत एवढं रोखठोक उत्तर मीटर देत नाही.

पुढे मोजणी. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषानुसार आंघोळीच्या पाण्यात लिटरमागे किमान ५ मिलिग्रॅम प्राणवायू हवा, मासे जगवायचे तर किमान ४.

(दृश्य: शेवाळलेला डोह, दुपारचं ऊन)

इथे फसायला होतं. दुपारी तीन वाजता या हिरव्यागार डोहात आकडा उत्तम येऊ शकतो. उन्हात शेवाळ प्राणवायू सोडत असतं. रात्री तेच शेवाळ, गाळातले जिवाणू, सगळेच तो वापरतात, आणि सूर्योदयाच्या आधी पातळी तळाला जाते. शेवाळलेल्या पाण्यातले मासे गुदमरतात ते बहुधा याच सुमारास. तेव्हा दुपारचा आकडा दाखवून कुणी नदी सुधारली म्हणालं, तर आधी नमुना किती वाजता घेतला ते विचारावं.

(दृश्य: दगड उलटा करणारे हात, रबरी मोजे घातलेले)

बाटली त्या क्षणापुरतं बोलते. मध्यरात्री कुणी मैल्याचा टँकर ओतून गेला आणि पाणी पुढे वाहून गेलं, तर सकाळच्या बाटलीत काही सापडेलच असं नाही. दगडाखालचे किडे मात्र तिथेच राहतात, कित्येक आठवडे, काही तर महिनोन् महिने. खळाळत्या स्वच्छ ओढ्यात मेफ्लायच्या अळ्या दिसतात, वाळूचे कण चिकटवून स्वतःचं घर बांधणाऱ्या कॅडिसफ्लायच्या अळ्याही दिसतात. मैलापाणी आलं की त्या आधी नाहीशा होतात. उरतात गाळातल्या लालभडक अळ्या. त्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असतं, म्हणून नावापुरत्या प्राणवायूवरही त्या तगतात.

(दृश्य: नाला नदीला मिळतो ती जागा)

नमुना घ्यायचा तो नाला मिळण्याच्या थोडा वर एक, आणि मिळून पाणी नीट मिसळल्यावर खाली एक. वहीत तारीख, वेळ, आदल्या दिवशीचा पाऊस. दर महिन्याला जागा त्याच, वेळही तीच. अशी वर्षभराची वही हाती असली, की महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात थेट त्या नाल्याकडे बोट दाखवता येतं.